तीट न टिपणारा कॅमेरा

माझे वार भरलेले आहेत. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शिवाय चतुर्थी, एकादशी, प्रदोष हे पाहुण्यासारखे येतात ते वेगळे. वांगं सोडलंय. कारलं सोडलंय, ते अगदी मनापासून. त्यामुळे जूनमध्ये आमच्या अक्षयाला तिसरा महिना लागला आणि देवासाठी काहीतरी मोठं सोडावं असं मनात आलं, तेव्हा बघते तर माझ्याकडे सोडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. चहा होता. पण मी चहा सोडला असता तर घरच्यांना मला सोडावं लागलं असतं.

मोठंच काही करायला हवं होतं, कारण अक्षयाचं आधी दोनदा पोटातच गेलं होतं. एकदा दुसऱ्या महिन्यात, एकदा चौथ्यात. त्याबद्दल आम्ही घरात बोलत नाही. मी देवाशी बोलते, तेही हळू.

आमच्या मांडवीच्या घरात बाहेरच्या खोलीत माशांची टाकी आहे. ती ह्यांची. तीस वर्षं जहाजावर काढून माणूस घरी आला, समुद्र दारापासून दोनशे पावलांवर, आणि हे काचेच्या पेटीत नळाचं पाणी भरून त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसतात. एकदा तिथेच बसून बांगड्याचं तिखलं जेवत होते. मी म्हटलं, "अहो, त्यांना दिसतंय." तर म्हणाले, "दिसू दे. शिस्तीत राहतील."

तर त्या टाकीत एक मोठा गोल्डफिश होता. केशरी, गुबगुबीत, आणि तोंडाजवळ दोन्ही बाजूंना उडदाएवढा काळा ठिपका. जणू देवाने स्वतःच स्वतःला तीट लावून घेतलेली. दशावतारातला पहिला अवतार आपल्या बाहेरच्या खोलीत पोहतोय आणि मी देवळापर्यंत उन्हातून चालत जातेय, हे माझ्या एका सकाळी लक्षात आलं. मी तिथेच हात जोडले आणि बोलून गेले: अक्षया सुखरूप मोकळी होईपर्यंत रोज आंघोळ झाली की आधी ह्या तीटवाल्या मत्स्याचं दर्शन, मगच चहा, मगच अन्न.

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "म्हणजे मी देवाची टाकी धुतो तर. पुजारी झालो. दक्षिणा किती?"

व्रत छान चाललं. दर्शन मी चष्म्याशिवाय घ्यायचे. देवाकडे चष्मा लावून बघणं मला तपासणी केल्यासारखं वाटतं. पाण्यात केशरी काही हललं की हात जोडायचे, डोळे मिटायचे, स्तोत्र म्हणायचं. सहा महिने गेले. अक्षयाचे सगळे रिपोर्ट चांगले.

पेच पडला डिसेंबरात. अक्षया चिपळूणला असते. डॉक्टरांनी तिला प्रवास नको सांगितला, म्हणजे बाळंतपण तिथेच आणि मीच जायचं. नवव्यापासून सव्वा महिन्यापर्यंत. मी जाऊ शकते. मासा जाऊ शकत नाही.

"बरणीत घालून नेऊ का?" मी ह्यांना विचारलं.

"हायवेवर माणूस सुखरूप पोचत नाय, तू मासा नेतेस."

अक्षया फोनवर म्हणाली, "आई, मी सासूबाईंना काय सांगू? माझी आई एका माशामुळे येत नाही?"

"येत नाही असं कुठे म्हटलं बाय."

"मग उपाशी येणार आहेस का? मला इथे घेरी येऊन पडणारी आई नको आहे. मला हात धरायला आई हवी आहे. व्हिडिओ कॉलवर बघ ना तुझा मासा."

हे माझ्या मनाने ठरवण्यासारखं नव्हतं. मी देवीला कौल लावला.

कौल म्हणजे गुरव देवीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवतो, आपलं गाऱ्हाणं मोठ्याने देवीच्या कानी घालतो, आणि आपण बघत बसायचं. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आमच्या वाडीचे आप्पा गुरव ह्यात मुरलेले आहेत. जमिनीचे, लग्नाचे, बोअरवेलचे कौल त्यांनी लावलेत. माझं ऐकून ते जरा थांबले, पण कामाला नाही म्हणत नाहीत.

"हे देवी म्हाराजा," त्यांनी सुरुवात केली, "तुझी ही लेक कमळा आज तुझ्या पायाशी आली आहे म्हाराजा. तिच्या घरात काचेच्या पेटीत मत्स्यरूप नांदतंय, तिला लेकीच्या बाळंतपणाला जायचं आहे, तर ते रूप तिने मोबाईलवर..." आणि माझ्याकडे वळून हळूच, "वयनी, काय म्हणायचं त्याला?"

"व्हिडिओ कॉल."

"...व्हिडिओ कॉलवर बघितलं तर तुला मान्य असेल तर उजवी दे, नसेल तर डावी दे म्हाराजा."

मागे बसलेले दोघे "व्हय म्हाराजा" म्हणाले. त्यातला एक मोबाईल चार्ज करायला आलेला होता.

डावी कळी ताबडतोब पडली. त्या गाभाऱ्यात नेटवर्कची एक काडी येते, ती पण आली तर. देवीने स्वतःच्या अनुभवावरून सांगितलं असणार. मग आप्पांनी फोटोबद्दल विचारलं. ह्याला बराच वेळ लागला. माझे पाय भरून आले, मागचा माणूस चार्जर काढून निघून गेला, आणि तेव्हा कुठे उजवी कळी घरंगळली.

"फोटो चालेल," आप्पा म्हणाले. "पण वयनी, तसबीर एकट्या देवाची पायजे. त्यात दुसऱ्या कुणाचं तोंड आलेलं चालत नाय."

मला ही अट सोपी वाटली. घरी येऊन मोबाईलवर पहिला फोटो काढला तर मत्स्याच्या पोटात मी होते. ओले केस, तोंड उघडं, हातात मोबाईल. दुसऱ्यात मी नव्हते, ट्यूबलाईट होती आणि भिंतीवरचं बँकेचं कॅलेंडर. फ्लॅश लावला तर काचेवर नुसता पांढरा लखलखाट. बाकीच्या चाळीस फोटोंत केशरी रंगाचं काहीतरी घाईघाईने बाहेर पडत होतं. माशाला स्थिर राहा म्हणून सांगता येत नाही. तीट तर एकातही नाही.

"कॅमेरा घ्यायला हवा," मी म्हटलं.

"कशाला गो? ह्यातला एक बरा आहे की," हे म्हणाले आणि ज्यात निव्वळ शेपटी होती तो दाखवला.

"तीट दिसत नाही त्यात."

"मनात असली म्हणजे झालं."

तीस वर्षांत ह्या माणसाच्या तोंडून मनातल्या देवाबद्दल अवाक्षर ऐकलेलं नव्हतं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मला वाटलं, संगतीचा परिणाम.

दुसऱ्या दिवशी आम्ही राम आळीतल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने एक कॅमेरा काढून ठेवला आणि म्हणाला, "साठपट झूम आहे, काकी. चंद्रावरचे खड्डे दिसतात."

"खड्ड्यांसाठी एवढ्या लांब कशाला जायचं," हे म्हणाले.

मी विचारलं, "वीतभर अंतरावरचा मासा दिसेल का?"

त्याने काउंटरवर लिंबू ठेवून बघितलं. जवळचं लिंबू त्या कॅमेऱ्याला ओळखूच येईना. त्याला चंद्रच हवा होता. दुसरा एक होता, त्यात सगळं छान यायचं, पण त्याची किंमत ऐकून मी सवयीने "नारायण" म्हटलं. मध्येच हे कोपऱ्यातला एक निळा प्लास्टिकचा कॅमेरा घेऊन आले, त्याला हत्तीचे कान होते.

"हा स्वस्त आहे," हे म्हणाले.

"तो पाच वर्षांच्या मुलांसाठी आहे काका," दुकानदार म्हणाला.

"मग मजबूत असणार."

दुकानदार भला माणूस. त्याने सांगितलं की नवीन घेण्याच्या भानगडीत पडू नका, लग्नाचे फोटो काढणारा स्वरूप आहे, तो आपले जुने कॅमेरे विकतो. त्याच्याकडे जवळून काढायची लेन्स आहे, अंगठ्या आणि मंगळसूत्रं टिपायची. मासाही त्याच मापाचा. ह्यांनी दुकानातून बाहेर पडताना दोनदा सांगितलं की लग्नवाले लुबाडतात.

स्वरूप बुधवारी सकाळी साडेसातलाच आपल्या गाडीतून दोन कॅमेरे घेऊन आला. मी नुकती आंघोळ करून आले होते. दर्शन व्हायचं होतं, म्हणजे चहाही व्हायचा होता. म्हटलं, आधी त्याचं होऊ दे, टाकीसमोर त्याचा पसारा.

पोरगा कामाचा होता. आधी काच पुसली, आतून पण. ट्यूब बंद केली, पडदे ओढले, फक्त टाकीवरचा दिवा ठेवला. "काकी, खोलीत अंधार असला की काचेत आपण दिसत नाही," म्हणाला. लेन्सच्या तोंडाला रबरी कडं बसवून ते सरळ काचेला टेकवलं. "तिरकं धरलं की मासा लांबट दिसतो. आणि पळणाऱ्याच्या मागे पळायचं नाही. एका जागी वाट बघायची, तो येतो."

हे मला फार पटलं. माझी सगळी उपासना ह्याच तत्त्वावर चालते.

पहिला कॅमेरा लहान होता. त्यात मासा आला, ओळखू येईल असा. मी पडद्यावर डोळे बारीक करून बघितलं.

"तीट कुठाय?"

"कसली तीट, काकी?"

"त्याच्या तोंडाशी काळा ठिपका आहे. तो नाही आला."

"छोटा कॅमेरा आहे," हे मागून म्हणाले. "तेवढं सुटायचंच."

स्वरूपने दुसरा काढला. जुना, मोठा, पट्टा झिजलेला. बराच वेळ काचेला चिकटून बसला आणि एकच फोटो काढला. तो मला त्याने मोठा करून दाखवला. खवला न् खवला मोजावा असा. नाकपुड्या दिसत होत्या. इतकी वर्षं मी मासे साफ करतेय, त्यांना नाकपुड्या असतात हे मला आज कळलं. मी मनात क्षमा मागितली. पण गाल अगदी स्वच्छ, केशरी.

"हा पण कामाचा नाही रे," मी म्हटलं. "ह्यातही तीट नाही."

"तेच सांगतोय केव्हापासून," हे म्हणाले. "काय उपयोग नाय. ठेव स्वरूप, पिशवीत घाल."

स्वरूपला ते लागलं. "काकी, ह्या लेन्सने मी नवरीच्या अंगठीतला खडा खोटा आहे हे मांडवात ओळखलंय. असेल ते ह्याच्यात येतं."

"मग थांब, मी तुला दाखवते कुठे आहे ती," म्हणून मी चष्मा आणला, टाकीसमोर गुडघे टेकले आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा माझ्या देवाकडे नीट बघितलं.

मासा जवळ आला. उजवा गाल दाखवला, वळला, डावा दाखवला. तीट नव्हती. एवढंच नाही, शेपटी वेगळी होती, आणि अंगानेही तो जरा नवखा होता, नव्या जागी नोकरीला लागलेल्या माणसासारखा.

मी मागे वळले. हे पंपाची वायर तपासायला बसले होते. ती चालू होती.

"काळे डाग जातात गो त्यांचे," हे वायरीला म्हणाले. "वयाप्रमाणे."

"ते खरं आहे, काकी," स्वरूप बिचारा म्हणाला. "गोल्डफिशचे जातात."

"बघ," हे म्हणाले.

मी आवाज चढवत नाही. ह्यांना त्याचीच भीती वाटते. मी म्हटलं, "अक्षयाची शपथ घेऊन सांगा, हा तोच आहे."

ह्यांनी आयुष्यभर बंदराबंदरात कस्टमच्या साहेबांना तोंडावर थापा मारल्यात. साबणाच्या खोक्यातून काय काय घरी आलंय. पण आता ह्यांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मग वायर खाली ठेवली.

"गौरी जेवल्या त्या दिवशी गेला," हे म्हणाले. "लाईट नव्हती. पंप बंद पडला. मी भजनात होतो."

"तेव्हापासून हा?"

"हा नाय. तो दुसरा. तो दिवाळीत गेला. हा तिसरा."

स्वरूपने लेन्सला टोपण लावलं. फार हळू लावलं.

"पहिला कुठे आहे?"

"मागच्या माडाच्या आळ्यात."

"आणि दुसरा?"

"त्याच्या शेजारी."

त्याच माडाचा नारळ मी कौलाच्या दिवशी देवीपुढे फोडला होता. प्रसाद आप्पांनी खाल्ला होता, मीही.

"सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू जेवली असतीस?" हे म्हणाले. मग म्हणाले, "आणि नंतर पोरीला काय झालं असतं, तर तू म्हणाली असतीस मासा मेला म्हणून झालं. पंप म्हणून झालं. माझ्यामुळे."

मी तसंच म्हटलं असतं.

तिथे जमिनीवर बसून मी हिशोब लावत होते. तीन महिने व्रत मोडलेलं. तीन महिने मी परक्या माशाला हात जोडून चहा पीत होते. आणि ह्याच तीन महिन्यांत अक्षयाचं वजन वाढलं, बाळाचं वजन वाढलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की इतकं सरळ चाललेलं त्यांनी बघितलं नाही. म्हणजे एक तर देवाला काही कळलंच नव्हतं, किंवा कळलं आणि त्याने ह्यांची बाजू घेतली. दोन्ही गोष्टी मला झोंबल्या.

तेवढ्यात फोन वाजला. अक्षया होती. तारखेला अजून अकरा दिवस होते.

"आई, पाणी गेलं. आम्ही हॉस्पिटलला निघालोय." तिचा आवाज लहानपणी ताप आल्यावर व्हायचा तसा झाला होता. "तू येतेस ना?"

"निघाले," मी म्हटलं.

फोन ठेवला. हे उभे राहिले. टाकीकडे बघून मग माझ्याकडे बघून अगदी बारीक आवाजात म्हणाले, "दर्शन?"

"कोणाचं?"

स्वरूप म्हणाला, "काकी, माझी गाडी दारात आहे. सोडतो मी." मी पिशवीत जुनी लुगडी, डिंक, बाळंतशेपा भरल्या, त्या महिनाभर बांधूनच ठेवलेल्या होत्या. आणि बाहेर पडताना म्हटलं, "स्वरूप, तो मोठा कॅमेरा राहू दे. आम्ही घेतला."

"आता कशाला?" हे म्हणाले.

"तुम्हाला. मी तिकडे असेन तोवर रोज सकाळी एक फोटो काढून मला पाठवायचा. टाकीत कोण जिवंत आहे ते मला कळलं पाहिजे."

"आणि मेला तर?"

"तर मेला म्हणून पाठवायचा."

स्वरूपने किंमत सांगितली. हत्तीच्या कानवाल्यापेक्षा पुष्कळ जास्त, दुकानातल्यापेक्षा पुष्कळ कमी. ह्यांनी घासाघीस केली नाही. हे मी माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं. मला पोचवून परत यायचं म्हणून हे पुढे बसले, मी आणि कॅमेरा मागे.

संगमेश्वर मागे पडलं आणि रस्ता माझ्यासमोर फिरायला लागला. मी सीटला धरून बसले. ह्यांनी आरशात बघितलं असावं. "थांबव रे," म्हणाले. स्वरूपने एका टपरीशी गाडी घेतली. हे उतरले, दोन वडे आणि चहा घेऊन आले आणि खिडकीतून माझ्यापुढे धरले.

"मला चालत नाही," मी म्हटलं. सवयच ती.

ह्यांनी वडे गाडीच्या टपावर ठेवले, मागच्या सीटवरून कॅमेरा घेतला, दोन-तीन चुकीची बटणं दाबली, आणि तो फोटो लावून माझ्यासमोर धरला.

मी चष्मा लावूनच बघितलं. बिनतिटेचा, केशरी, सरळ माझ्याकडे तोंड करून. ह्याला कोणी विचारलं नव्हतं. दुकानातल्या पिशवीतून आणून ह्याला मेलेल्याच्या जागी सोडलं, आणि रोज सकाळी एक बाई येऊन दुसऱ्याच्या नावाने हात जोडायची. ह्याने कधी तक्रार केली नाही. आला, पोहला, काम सांभाळलं. आमच्या घरात एवढ्या निमूटपणे कोणीच काम केलेलं नाही, मी धरून.

"बाबा रे," मी त्याला म्हटलं, "तू कोण आहेस ते मला माहीत नाही. पण माझ्या लेकीकडे बघ. आणि पहिल्या दोघांचं मनावर घेऊ नकोस."

मग मी ह्यांच्याकडे हात केला. "द्या ते."

"चालतंय?"

"थंड होतील."

वडे दोन्ही खाल्ले. बटाट्यात लसूण होता. चहा गोड होता. आकाशातून काही पडलं नाही. स्वरूपने स्वतःसाठी मागवलेला तिसरा वडा मी बघत होते हे त्याच्या लक्षात आलं, त्याने घाईने तो संपवला.

चिपळूणला पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. अक्षयाची सासू दारातच होती, तिने मला बघितल्यावर हात जोडले, मला वाटतं देवाला. ह्यांना बाहेर बाकड्यावर बसवलं आणि मला आत सोडलं. अक्षया कुशीवर होती, केस कपाळाला चिकटलेले. कळ ओसरली. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "काही खाल्लंस का?"

"दोन वडे."

ती माझ्याकडे बघत राहिली. ह्या नऊ महिन्यांत तिने मला पुष्कळ समजावलं होतं, रागावली होती, दोनदा रडली होती. आता तिला हसू आलं, ते अर्ध्यात असतानाच पुढची कळ आली.

"आई, हात," ती म्हणाली.

मी दिला. तिने तो असा धरला, की दोन वडे कमी पडले.